मागुराचे वजन : नजरेने नव्हे, मापाने

पवई तलावाच्या काठी गळ टाकून बसणारे हौशी मासेमार असोत, वर्सोव्याच्या बंदरावर शिंगाळा उतरवून घेणाऱ्या कोळी भगिनी असोत, अथवा मुलुंड-बोरिवलीच्या वेशीपलीकडे ठाणे व पालघर जिल्ह्यांत तळी राखणारे शेतकरी असोत, हाती आलेल्या माशाचे वजन "असेल दीड किलो" असे नजरेनेच ठरविण्याची रीत सर्वत्र आढळते. वर्षानुवर्षे मासळी हाताळणाऱ्या कोळी भगिनींचा अंदाज पुष्कळदा अचूक ठरतो, ही गोष्ट खरी. परंतु त्याचे कारण असे की, त्यांचा अंदाज रोज तराजूवर पडताळला जातो. ज्याला अशी पडताळणी लाभलेली नाही, त्याने केवळ नजरेवर विसंबणे हितावह नाही. तराजू जवळ नसला तरी कापडी टेप खिशात मावतो, आणि त्याचा उपयोग करणे हेच शहाणपणाचे होय.

नजर का फसते, हे समजून घेणे अवघड नाही. मासा लांबीने वाढतो तसा उंचीने व जाडीनेही वाढतो. त्यामुळे लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट न होता सुमारे आठपट होते. लांबीच्या अंदाजात शेकडा 10 ची चूक झाली, तर वजनात शेकडा 33 ची चूक होते. त्यातही मागूर, शिंगाळा व शिवडा या मिशीवाल्या माशांचे डोके रुंद व चपटे असते आणि शेपटीकडचा भाग निमुळता होत जातो. पाहणाऱ्याचे लक्ष डोक्यावर खिळते व मासा आहे त्याहून भारी वाटतो.

यावर उपाय सोपा आहे. माशाची लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजावी; मिशा त्यात धरू नयेत. शिंगाळ्याची शेपटी दुभंगलेली असते, तेव्हा तेथे खाचेपर्यंतच मोजावे. नंतर शरीराचा सर्वांत जाड भागी घेर घ्यावा. लांबीला घेराने दोनदा गुणावे व आलेल्या संख्येस 29,000 ने भागावे. मापे सेंटिमीटरमध्ये असल्यास उत्तर किलोग्रॅममध्ये येते. गळाने मासे धरणारे इंच व पौंड वापरून 800 ने भागतात, तोच हा हिशेब होय. उदाहरणार्थ, 40 सेंटिमीटर लांब व 18 सेंटिमीटर घेराचा मागूर घेतला, तर 40 गुणिले 18 गुणिले 18 म्हणजे 12,960 होतात. त्यांस 29,000 ने भागता वजन सुमारे 450 ग्रॅम येते. घेर दोनदा गुणला जात असल्यामुळे तो विशेष काळजीने मोजावा. टेप नसल्यास सुतळीने घेर घेऊन गाठ मारावी व घरी पट्टीवर मोजावे.

29,000 हा आकडा सरसकट माशांचा आहे, मिशीवाल्या प्रत्येक जातीचा नव्हे. म्हणून प्रत्येकाने आपल्या तळ्यापुरता आकडा स्वतः काढणे उत्तम. एकदाच दहा मासे मोजून दुकानातील काट्यावर तोलावेत. लांबी गुणिले घेर गुणिले घेर या संख्येस खऱ्या वजनाने भागावे आणि दहांची सरासरी घ्यावी. वरील मागूर काट्यावर 480 ग्रॅम भरला, तर त्याचा आकडा 27,000 येईल. कोळी भगिनींचा हात ज्या पडताळणीने तयार झाला, तीच पडताळणी येथे वहीत उतरते.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. तळ्यातील माशांना खाद्य त्यांच्या एकूण वजनाच्या प्रमाणात द्यावयाचे असते. समजा, तळ्यात 2,000 मागूर असून प्रत्येकाचे खरे वजन 150 ग्रॅम आहे. मालकाने मात्र नजरेने ते 200 ग्रॅम धरले. शेकडा 3 प्रमाणे खाद्य दिल्यास 9 किलोंऐवजी 12 किलो पडेल. महिन्याकाठी 90 किलो खाद्य फुकट जाईल, एवढेच नव्हे, तर ते तळाशी कुजून पाणी बिघडवील. नजरेची चूक अशी दुहेरी महाग पडते.

दुसरा प्रश्न जिवंत माशाचा आहे. पावसाच्या आरंभी मागुराची मादी अंड्यांनी भरलेली असते. ती सोडून द्यावयाची असेल, तर कल्ल्यात आकडा अडकवून तिला काट्यावर टांगणे अयोग्य होय. ओल्या गोणपाटावर ठेवून टेपने मोजावे व लगेच पाण्यात सोडावे. मागूर हवेत श्वास घेऊ शकतो, म्हणून त्याला उन्हात ताटकळत ठेवावे असे नाही. मोजताना छातीच्या परांचे काटे टोचणार नाहीत, याची खबरदारी घ्यावी. अंड्यांमुळे घेर फुगलेला असतो, म्हणून अशा मादीचे माप आकडा काढण्यासाठी धरू नये.

तिसरी बाब सावधगिरीची. देशी मागूर सहसा अर्ध्या किलोच्या आतच राहतो. देशी म्हणून दाखविलेला मागूर मापाने दोन किलोंचा ठरत असेल, तर तो थाई मागूर असल्याचा संशय घ्यावा. इतर मासे फस्त करणाऱ्या या परदेशी जातीच्या पालनावर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली आहे. असा मासा कोणत्याही तलावात वा ओढ्यात सोडू नये आणि मत्स्यव्यवसाय विभागास कळवावे.

मात्र या अंदाजाची मर्यादाही ओळखली पाहिजे. व्यापारी काठावर येऊन "एवढे मासे, सरासरी एवढे वजन" असा उक्ता सौदा ठरवू पाहतो, तेव्हा शेतकऱ्याने आपली वही उघडावी, पण सौदा वहीवर करू नये. वही सौदा तपासण्यासाठी आहे. विक्री ही प्रमाणित व मुद्रांकित तराजूवरच व्हावयास हवी. वैध मापनशास्त्र अधिनियम, 2009 चीही तीच अपेक्षा आहे. टेपच्या हिशेबात शेकडा 10 चा फरक खाद्यासाठी चालून जातो. विक्रीत तोच फरक शंभर किलोंमागे दहा किलोंचे नुकसान करतो, आणि ते बहुधा मासे पाळणाऱ्याच्याच पदरी येते.

वर्सोव्यास अंधेरीलगत 1961 साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. मत्स्यपालनाचे शास्त्र उपनगरांच्या इतके जवळ असताना तळ्यावरचा कारभार केवळ नजरेवर चालावा, हे बरे नव्हे. एक टेप, एक वही आणि एकदाच तोललेले दहा मासे, एवढ्या भांडवलावर ही उणीव भरून निघते. येत्या पावसापूर्वी प्रत्येक तळेमालकाने आपला आकडा काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.