सोनेरी कार्डांचे काय करायचे?

नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनांना येणाऱ्या मुलांच्या खिशात काय असते, याकडे आपण संग्राहकांनी आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. नऊ-दहा वर्षांची मुले आईवडिलांचा हात धरून येतात, शिवराईच्या पेटीसमोरून भराभर पुढे सरकतात आणि कोपऱ्यात फतकल मारून कार्डांचा गठ्ठा बाहेर काढतात. पोकेमॉन, क्रिकेटपटू, कुस्तीतले मल्ल. आपल्यातला कोणी ज्येष्ठ प्रेमाने जवळ जातो आणि म्हणतो, "बाळा, हे ठेव बाजूला, ही बघ खरी वस्तू." मुलगा गठ्ठा खिशात घालतो. पुढच्या वर्षी तो येत नाही.

माझे सांगणे एवढेच आहे की त्या मुलाचा संग्रह आधीच सुरू झालेला आहे, आणि आपण त्याला मदत करायची ती त्याच्याच संग्रहात. आपल्यापैकी कितीजणांची सुरुवात रस्त्यावर सापडलेल्या काड्यापेट्यांच्या छापांनी किंवा बबलगमबरोबर मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांनी झाली, हे आठवून पाहावे.

कार्डे जमवणे हा पोरखेळ वाटत असेल, तर जेफर्सन बर्डिकचे उदाहरण पाहा. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात तो विजेच्या सामानाच्या कारखान्यात जुळणीचे काम करी. संधिवाताने त्याचे सांधे आखडत गेले होते. सिगारेटच्या पाकिटांतून, मिठाईबरोबर, च्युइंगगमबरोबर मिळणारी छापील कार्डे त्याने आयुष्यभर जमवली आणि ३ लाखांहून अधिक नगांचा हा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. ते सगळे अल्बमांत लावण्याचे काम त्याने १९६३ च्या जानेवारीत संपवले आणि मार्चमध्ये तो वारला. मला त्याच्या संग्रहाहून त्याने केलेली कार्डसंचांची यादी मोठी वाटते. जुन्या कार्डांच्या संचांना धड नावेही नसत. बर्डिकने प्रत्येक संचाला एक अक्षर आणि एक आकडा दिला. १९०९ ते १९११ या काळातली बेसबॉलपटूंची जी तंबाखू-कार्डे आज जगभर 'टी २०६' म्हणून ओळखली जातात, ते नाव त्याच्या यादीतले आहे.

घरी पलंगावर कार्डे पसरून बसलेले मूल हेच काम करत असते. आधी रंगाने लावते, मग ताकदीच्या आकड्याने, मग नुसत्या आवडीने. त्याच्या मांडणीत हात घालायचा मोह मोठा असतो, पण तो आवरावा. पोकेमॉनच्या कार्डावर खाली बारीक अक्षरांत त्या कार्डाचा क्रमांक आणि संचातली कार्डसंख्या छापलेली असते. बाजूला दुर्मीळपणाची खूण असते: वर्तुळ म्हणजे सर्रास मिळणारे, चौकट म्हणजे जरा कमी मिळणारे, तारा म्हणजे दुर्मीळ. मुलाने "हे काय लिहिलंय?" असे विचारेपर्यंत थांबावे. विचारले की त्याच्या हातात भिंग द्यावे आणि वाचू द्यावे. आपल्याकडे अमुक संचातली अजून किती कार्डे नाहीत, हे त्याला स्वतःला मोजता आले की पुढचे वर्षभर त्याला काही सांगावे लागत नाही.

आता सोनेरी कार्डांविषयी. हा प्रश्न आपल्याकडे फार मोठा आहे. जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात, ऑनलाइन, सगळीकडे पोकेमॉनच्या पन्नास-पंचावन्न चकचकीत सोनेरी प्लॅस्टिक कार्डांची पेटी काहीशे रुपयांत मिळते. ती नकली असतात. मुलाला वाढदिवसाला बहुधा हीच भेट मिळालेली असते आणि त्याचा सगळा अभिमान त्या पेटीत असतो. "हे बोगस आहे" असे तोडून टाकल्याने त्याच्या पदरात अपमानाखेरीज काही पडत नाही.

त्यापेक्षा अगदी साधे, स्वस्तातले, पण अस्सल असे एक कार्ड त्याला द्यावे आणि त्याच्या एखाद्या कार्डाशेजारी ठेवायला सांगावे. अस्सल कार्ड ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच असते. त्याच्या पट्टीने त्यालाच मोजू द्यावे. अक्षरांचे वळण, पाठीमागच्या निळ्या रंगाची छटा, छपाईचे ठिपके भिंगाखाली पाहू द्यावेत. अस्सल कार्डाची कड नीट निरखली तर दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये एक काळसर रेघ दिसते, आणि ती दिसल्यावर मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. निष्कर्ष त्याचा त्याने काढावा. आणि नकली कार्डे फेकायला लावू नयेत. तिकिटांच्या क्षेत्रात जाँ द स्पेरातीने केलेल्या बनावट तिकिटांना आज स्वतंत्र मागणी आहे. गंभीर संग्राहक तुलनेसाठी बनावट नमुने मुद्दाम बाळगतात. मुलाच्या फोल्डरमध्येही शेवटी एक पान 'नकली' या मथळ्याचे असावे. सोनेरी कार्डांना तिथे मानाची जागा मिळते, आणि मूल दुसऱ्या मुलांना फरक समजावून सांगू लागते.

किमतीचे बोलणे मात्र जितके लांबवता येईल तितके लांबवावे. १९५२ सालचे टॉप्स कंपनीचे मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले, ही बातमी मुलांपर्यंत कधीच पोहोचलेली असते. त्याच संचाची न खपलेली कार्डे कंपनीने पुढे पडावात भरून अटलांटिक समुद्रात बुडवली, हे त्यांना आपण सांगावे. उलट १९८० च्या दशकाच्या अखेरीस गुंतवणूक म्हणून लाखो अमेरिकनांनी कार्डांच्या पेट्या न फोडता जपून ठेवल्या. छपाई इतकी अफाट झाली होती की त्यांतल्या बहुतेकांना आज कवडीमोल भाव आहे. ज्या मुलाला प्रत्येक कार्डाचा भाव आधी कळतो, त्याला चित्रकाराचे नाव कधीच दिसत नाही. ते पोकेमॉनच्या बहुतेक कार्डांवर छापलेले असते.

बंद पाकिटांबाबत पालकांशी स्पष्ट बोलावे. आत काय निघेल हे फोडेपर्यंत कळत नाही आणि तीच त्याची ओढ आहे. व्हिडिओ गेममध्ये पैसे मोजून उघडायच्या अशाच पेट्यांना बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये जुगार ठरवले होते. पाकीट पूर्ण बंद करा असे मी म्हणणार नाही; ते फोडण्यातला आनंद खरा आहे. पण किती आणि कधी, हे आधी ठरलेले असावे, आणि हवे असलेले नेमके कार्ड सुटे विकत घ्यावे. तेच स्वस्त पडते.

जपणुकीचे आपण सहज शिकवू शकतो. रबरबँड नको, सेलोटेप नको, पीव्हीसीची पाने नकोत. पॉलिप्रॉपिलिनची पाकिटे चांगली. गोल कड्यांच्या फोल्डरमध्ये आतल्या बाजूच्या कार्डांवर कड्यांचे वळ उठतात, तेव्हा बाजूने कार्ड सरकवायचे, कड्या नसलेले फोल्डर घ्यावे. आपल्या पावसाळ्यात चमकी कार्डे दमटपणाने वाकतात. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवली की बरेच निभावते. खेळायची कार्डे मात्र वेगळी असू द्यावीत आणि ती मळू द्यावीत.

शेवटचा मुद्दा आपल्या आचरणाचा आहे. प्रदर्शनात मुलांसाठी अदलाबदलीचे एक टेबल मांडा, अशी सर्व आयोजकांना माझी विनंती आहे. 'डबल' कार्ड देऊन हवे ते मिळवताना मूल बोलायला, नाही म्हणायला, थांबायला शिकते. मोठ्या मुलाने लहान्याला फसवले असे वाटले तर प्रदर्शन संपेपर्यंत सौदा उलटवता येईल, एवढा एक नियम पुरे. त्या टेबलाशी प्रौढांनी बसावे ते देखरेखीसाठी. स्वतः अदलाबदल करू नये. व्यापारी मित्रांनाही हेच सांगणे आहे. मुलाच्या हातातले एखादे कार्ड आपल्याला हवेसे वाटले, तर त्याची बाजारातली किंमत आधी आपणच सांगायची, तीही त्याच्या आईवडिलांसमोर, आणि त्याने नको म्हटले की विषय तिथेच सोडायचा.