आधी नदी, मग हॉटेल

मे महिना जवळ आला की पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांचे फोन लखनौला माझ्याकडे येऊ लागतात. गेली बरीच वर्षं मी हिमाचलच्या नद्यांवर ट्राउट माशासाठी जातो, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा पुतण्याचा फोन होता. “काका, मनालीचं हॉटेल बुक झालंय, रॉड ऑनलाइन मागवलाय, रजाही मंजूर झालीय. आता फक्त कुठे उभं राहायचं तेवढं सांगा.” मी विचारलं, “कुठल्या नदीवर जातोयस?” तो म्हणाला, “तिथे जी असेल ती.”

मला या उत्तराची काळजी वाटते, कारण ते एकट्या पुतण्याचं नाही. फ्लाय फिशिंगची हौस आपल्याकडे वाढते आहे आणि ती चांगली आहे. पिसं आणि दोरा आकड्यावर बांधून केलेला एवढासा खोटा किडा नेमक्या प्रवाहात नेमक्या क्षणी पडावा म्हणून माणूस तासन्‌तास थंड पाण्यात उभा राहतो, पाण्याकडे बघायला शिकतो. पण बहुतेकांच्या सहलीच्या आखणीत हॉटेल असतं, गाडी असते, रॉडची लांबी असते. नदी मात्र नसते.

मी मूळचा सांगलीचा. नोकरी झाली ती लखनौच्या मानकनगरमध्ये, रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेत, पुलांच्या विभागात. पूल उभारायचा तर नदीचं पाणलोट क्षेत्र, तिचा उतार, आजवरची सर्वांत उंच पूररेषा, तळाशी वाळू आहे की धोंडे, हे सगळं आधी बघावं लागतं. मी अनोळखी नदीवर गळ घेऊन जातानाही हेच बघतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणावरचे नकाशे आता घरबसल्या मिळतात. समोच्च रेषा जिथे दाटीने नदी ओलांडतात तिथे पाणी उसळत उतरतं. त्या जिथे विरळ होतात तिथे डोह आणि संथ पट्टे असण्याची शक्यता जास्त. वरच्या अंगाला हिमनदी आहे का, धरण आहे का, खाली कोणता ओढा येऊन मिळतो, हे लखनौच्या घरात टेबलाशी बसून कळतं.

तीर्थन आणि सैंज या नद्यांचंच पाहा. कुल्लू जिल्ह्यात लारजीजवळ त्या एकमेकींना भेटतात आणि पुढे ब्यासला मिळतात. दोघी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून येतात. या उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. नकाशावर दोघी बहिणी वाटतात, पण सैंजवर जलविद्युत प्रकल्प आहेत आणि तीर्थनवर नाहीत. तीर्थन मोकळी राहिली ती आपोआप नव्हे. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातली माणसं प्रस्तावित प्रकल्पांविरुद्ध न्यायालयापर्यंत लढली, म्हणून. गुशैणीच्या पुलावरून आज काचेसारखं पाणी दिसतं, त्यामागे हा लढा आहे. तिथे जाणाऱ्याने निघण्याआधी तो माहीत करून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

मग प्रश्न येतो महिन्याचा. आपली सुट्टी मेमध्ये, शाळा सुटल्या की. ब्यासचा मे वेगळा असतो. ऊन चढतं तसं वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी राखाडी होऊन चढू लागतं. रात्री थंडी पडली की वितळणं मंदावतं आणि पहाटे पाणी जरा निवळतं. म्हणजे मेमध्ये जायचंच असेल तर पहाट गाठावी, किंवा ज्यांच्या माथ्यावर मोठं बर्फ नाही असे बाजूचे ओढे निवडावेत. जुलै-ऑगस्ट पावसाचे. खरे दिवस दोन वेळा येतात : मार्च-एप्रिल, आणि पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर. त्यानंतर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते. ब्राउन ट्राउटची मादी थंडीत नदीच्या खडीत शेपटीने खळगा करून अंडी घालते. सात-आठ अंश तापमानाच्या पाण्यात ती फुटायला साधारण दोन महिने लागतात. त्या दिवसांत गळ न टाकता नुसतं उथळ खडीतून चाललं तरी पायाखाली पुढची पिढी चिरडते. म्हणून बंदीच्या काळात “फक्त फोटो काढायला” पाण्यात उतरणाऱ्यांनाही मी अडवतो. पुतण्याला हे सगळं सांगितलं, तेव्हा त्याने रजा बदलून ऑक्टोबरमध्ये घेतली.

लखनौत राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट स्वतःला बजावावी लागते. इथली गोमती हिमालयातून येत नाही. पीलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तळ्यातून ती निघते, जमिनीतल्या झऱ्यांवर जगते आणि सपाटीवरून सावकाश वाहते. ती पावसाळ्यात चढते तेव्हाही दिवसादिवसांनी चढते. कृष्णाकाठी मीही असंच पाणी पाहिलं : घाटाची एक पायरी बुडाली, मग दुसरी. अशा नद्यांवर वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांना पाणी मिनिटांत वाढू शकतं हे पटतच नाही. डोंगरातल्या धरणाखालच्या नदीवर ते मिनिटांत वाढतं.

८ जून २०१४ ची संध्याकाळ आठवा. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं-मुली मनालीच्या वाटेवर थलौटजवळ उतरून ब्यासच्या पात्रातल्या दगडांवर फोटो काढत होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. २४ विद्यार्थी वाहून गेले. त्या मुलांचा काही दोष नव्हता. नदी शांत दिसत होती, आणि वर धरण आहे हे त्यांना सांगणारं जवळ कोणी नव्हतं. मी आयुष्यभर पुलांच्या पूररेषा तपासल्या आहेत, पण या घटनेइतका मला कोणत्याही पुराचा त्रास झाला नाही. त्यानंतर मी एक नियम पाळतो : ज्या नदीवर वर धरण आहे तिच्या पात्रात, काठाला परत यायची वाट खांद्यामागे मोकळी असल्याशिवाय उभं राहायचं नाही. बेटावर तर नाहीच. दगडावरची ओली रेघ जरा वर सरकली, पाण्यात पालापाचोळा दिसू लागला किंवा प्रवाहाचा आवाज बदलला, तर मासा गळाला असला तरी दोरा तोडून बाहेर यायचं.

जुन्या पुस्तकांतल्या आणि जुन्या मित्रांच्या खुणांवरही आता विसंबता येत नाही. जुलै २०२३ च्या पुराने ब्यासच्या खोऱ्यात रस्ते नेले, घरं नेली आणि नदीचं पात्रही ठिकठिकाणी हलवलं. जिथे डोह होता तिथे खडीचा ढीग, जिथे शेत होतं तिथे प्रवाह. म्हणून पोहोचल्यावर पहिला दिवस मी रॉड बाहेरच काढत नाही. काठाने चालतो, पाण्याचं तापमान घेतो, पाण्यातले दगड उलटून बघतो. दगडाच्या पोटाला चिकटलेल्या मेफ्लायच्या अळ्या, बारीक खड्यांची नळी करून तीत राहणारा कॅडिस किडा, यांचा आकार आणि रंग पाहिला की कुठली फ्लाय बांधायची हे दुकानदारापेक्षा नीट कळतं. दगड होता तसाच परत ठेवायचा. आणि गावातला वाटाड्या घ्यायचाच, त्याला रास्त मजुरी देऊन. गेल्या पावसाळ्यात कुठली दरड कोसळली, कुठला काठ आतून पोखरलाय, हे त्यालाच माहीत असतं. सामानाचं म्हणाल तर नऊ फुटी, चार-पाच नंबरचा रॉड, बिनकाट्याचे आकडे, न घसरणारे बूट आणि एक भक्कम काठी पुरते.

ट्राउट मुळात हिमालयाचा नाही, हेही जाणाऱ्याने लक्षात ठेवावं. १८९९ मध्ये काश्मीरसाठी इंग्लंडहून पाठवलेली अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली जगली. १९०९ मध्ये हॉवेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने काश्मीरची अंडी कुल्लूत आणली. तिथल्या पाण्याचा मूळ रहिवासी आहे असला, ज्याला इंग्रजांनी स्नो ट्राउट म्हटलं. ब्राउन ट्राउट त्याची पिल्लं खातो, त्याची जागा घेतो. असला आज जगभराच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. लखनौच्या दिलकुशा भागात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही १९८३ मध्ये सुरू झालेली संस्था आहे. देशातल्या माशांच्या वाणांची नोंद आणि जपणूक हे तिचं काम. ते काम आपल्या शहरात चालतं याचा मला अभिमान आहे. आपणही त्याला हातभार लावू शकतो. असला गळाला लागला तर पाण्यातच ठेवून आकडा सोडवावा. एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात कधीही सोडू नये. बूट आणि जाळी पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या नदीत नेऊ नयेत, कारण ओल्या कापडातून रोगही प्रवास करतात.

आता सरकारकडे मागणं आहे. काश्मीरमध्ये ट्राउटच्या नद्यांचे बीट पाडलेले आहेत. कुठल्या पट्ट्यात कोण उभं राहणार हे परवान्यातच ठरतं, त्यामुळे नदीवर गर्दी होत नाही आणि जबाबदारीही नेमकी राहते. ही पद्धत हिमाचल आणि उत्तराखंडने आपल्या ट्राउटच्या सर्व नद्यांवर आणावी. परवान्याच्या पाठीमागे त्या नदीवरच्या धरणांची नावं, पाणी सोडण्याआधी वाजणाऱ्या भोंग्याचा अर्थ, बंदीच्या तारखा आणि असल्याचं चित्र छापावं. धरणातून पाणी सोडण्याची सूचना परवानाधारकाच्या मोबाइलवर यावी. परवाना देताना नंबर तर घेतलाच जातो. हा कागद मराठीतही हवा, कारण मे महिन्यात त्या रस्त्यावर मराठी पर्यटकांच्या गाड्या कमी नसतात. आणि महाराष्ट्रातून तिकडे सहली नेणाऱ्या कंपन्यांनी तो चंदीगडलाच, डोंगर सुरू होण्याआधी, प्रत्येक प्रवाशाच्या हातात द्यावा, मग तो मासे धरायला जात असो वा नुसता पाण्यात पाय सोडून बसायला.