ध्वनीचे सोवळे

नाट्यसंगीतावरील एका तासाला बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवून झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, माझ्या दीडशे रुपयांच्या इयरफोनवर हे खरं ऐकू येईल का?" मिरजगावच्या वर्गात विचारला गेलेला हा प्रश्न निरागस नव्हे. खरे ऐकणे लाखाच्या हेडफोनवरच घडते, आणि इक्वलायझरला हात लावणे म्हणजे कलावंताच्या मूळ स्वरात भेसळ करणे, असे त्याला कोणीतरी सांगून ठेवलेले असते. हे सांगणाऱ्यांत आपल्याच व्यवसायातील रसिक मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून हे भांडण घरातले आहे.

प्रथम हा 'मूळ स्वर' कोठे असतो ते पाहू. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या मुद्रिका 1925 पूर्वीच्या, म्हणजे विद्युत ध्वनिमुद्रण रूढ होण्याआधीच्या आहेत. गायकाने कर्ण्यासमोर गायचे आणि त्या आवाजाच्या जोरावर सुईने मेणावर रेघ ओढायची, अशी ती रीत होती. तीत साधारण 250 ते 2,500 हर्ट्झ एवढाच पट्टा नीट उतरे. त्याच्या वरचे आणि खालचे बहुतेक सारे तिथेच गळून जाई. लाखाचा हेडफोन ते परत आणू शकत नाही. पुढे एलपी आली. तबकडी कापताना खर्जाकडचा भाग मुद्दाम दाबायचा आणि वरच्या पट्टीचा भाग उचलायचा, आणि वाजवताना नेमके उलट करायचे, हा संकेत 1954 पासून प्रमाण म्हणून रूढ झाला. खर्जाने खाचा रुंदावू नयेत आणि सुईची खरखर झाकली जावी, ही त्यामागची कारणे. 20 हर्ट्झपाशी हा फेरफार जवळजवळ 20 डेसिबलचा असतो. म्हणजे ज्यांनी भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांना एलपीवर ऐकले, त्या सर्वांनी इक्वलायझरमधूनच ऐकले. तो अँप्लिफायरच्या पोटात असल्यामुळे दिसला नाही, एवढेच.

आता हेडफोनच्या 'स्वभावा'कडे वळू. हा उबदार, तो पारदर्शक, तिसरा मखमली, अशी विशेषणे परीक्षणांत सढळ हाताने वाटली जातात. वास्तविक या विशेषणांचा बराच मोठा भाग एका साध्या आलेखात मावतो: कोणत्या वारंवारतेचा ध्वनी किती जोरात पोचतो, याच्या. खर्जाच्या जरा वरचा पट्टा थोडा उचलला की 'उबदार', आणि वरच्या पट्टीत उंचवटा आला की 'तपशीलवार'. सेनहायझरच्या 2009 सालच्या एचडी 800 या हेडफोनला 6,000 हर्ट्झच्या आसपास असाच एक उंचवटा होता. भक्तांनी त्याची सूक्ष्मदर्शी म्हणून आरती केली. 2016 मध्ये एचडी 800 एस काढताना कंपनीने तोच उंचवटा शोषून घेणारी योजना आत बसवली. ज्याला आपण आत्मा म्हणत होतो, तो निर्मात्याच्या लेखी दोष होता!

शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये याहून नेमकी परीक्षा मांडली. एकाच हेडफोनवर इक्वलायझरच्या साहाय्याने निरनिराळ्या हेडफोनांचे आवाज उभे करून ते श्रोत्यांना ऐकवले. नाव, रूप आणि किंमत दिसत नसताना श्रोत्यांनी दिलेला कौल प्रत्यक्ष हेडफोनांना मिळालेल्या कौलाशी बऱ्याच अंशी जुळला. 2017 मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी 283 हेडफोनांची मोजमापे तपासली. हा आलेख आणि किंमत यांत त्यांना संबंध आढळला नाही.

महाग वस्तूत काहीच नसते, असा याचा अर्थ नव्हे. कानाला न टोचणारी गादी, मोठ्या आवाजातही न फाटणारा खर्ज, दोन्ही बाजूंची अचूक जुळणी आणि टिकाऊपणा यांसाठी पैसे मोजावे लागतात, आणि फाटलेला आवाज इक्वलायझरने शिवता येत नाही. शिवाय प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी असल्याने एकच हेडफोन दोघांना अगदी सारखा ऐकू येत नाही. पण या गोष्टींची किंमत 'अस्सल श्रवण' या नावाखाली वसूल करणे ही लबाडी आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने तरी या सोवळ्यात अडकू नये. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानदेवांच्या हातची प्रत आज आपल्यापुढे नाही. शके 1506 मध्ये एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध केला, आणि त्या पाठाला आपण भेसळ म्हणत नाही. नक्कलकारांच्या हातून चढलेला गंज त्यांनी उतरवला, आणि आपली ओवी तीत घुसडणाऱ्याला कठोर शब्दांत बजावलेही. इक्वलायझरचा विवेक याहून निराळा नाही. स्वस्त इयरफोनने फुगवलेला खर्ज खाली आणणे, कर्कश पट्टा थोडा दाबणे, ही पाठशुद्धी. तबल्याच्या बायाने खिडकीची तावदाने थरथरावीत म्हणून खर्ज वाढवणे, ही घुसडलेली ओवी. दोन्हींना एकाच मापाने मोजणारा मनुष्य संगीताचा रक्षक नसतो. त्याला संपादन म्हणजे काय हेच उमगलेले नसते.

ज्यांना हे पटणार नाही त्यांनी एक प्रयोग करावा. दोन हेडफोनांचा आवाज मोजून समान पातळीवर आणावा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमीच अधिक चांगला वाटतो. इक्वलायझरने दोन्हींचे आलेख शक्य तितके जुळवावेत. आणि मग, अजून हाताशी उरलीच तर, आपली विशेषणे वापरावीत. कवितेला 'मातीचा गंध' आणि 'अस्सल' अशी प्रशस्तिपत्रे वाटणाऱ्या समीक्षेलाही हा व्यायाम मानवेल.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, "ऐकू येईल. फोनमधला इक्वलायझर उघड, खर्ज थोडा उतरव आणि पुन्हा ऐक." दुसऱ्या दिवशी तो हेडफोनविषयी काही बोलला नाही. तान कुठे वळते, त्याविषयी बोलला.