गाळा रोडटचच हवा का?



प्रत्येक बॅचमध्ये एकजण तरी म्हणतोच, "सर, रोडटच गाळा मिळाला की लगेच सुरू करतो." मग डिपॉझिटमध्येच निम्मं भांडवल जातं आणि माल भरायला पैसे उरत नाहीत. अशांना मी टोकियोतल्या रेल्वे मॉडेलच्या दुकानांबद्दल सांगतो. भाच्याला या छोट्या गाड्यांचं वेड. त्याने यादी हातात दिली होती, म्हणून तिथे गेल्यावर मी ही दुकानं शोधत फिरलो.

हो, शोधतच. आकिहाबारा स्टेशनला उतरलात की चहूकडे इलेक्ट्रॉनिक्स आणि खेळण्यांच्या पाट्या. गाड्यांची दुकानं मात्र बरीचशी इमारतींच्या वरच्या मजल्यांवर. खाली छोटा बोर्ड, मग लिफ्ट. गिंझासारख्या महागड्या भागात तेन्शोदो आहे, पण ते घड्याळं आणि दागिनेही विकतं. नुसत्या गाड्यांवर तिथलं भाडं निघेल का, मला शंकाच आहे.

काटो ही या धंद्यातली मोठी कंपनी. ९ मिलिमीटर रुळावर धावणारं जपानमधलं पहिलं इंजिन त्यांनी १९६५ मध्ये काढलं. घरं लहान, म्हणून तिथे हाच आकार जास्त चालतो. त्यांचं हॉबी सेंटर कुठे, तर गर्दीच्या बाजारापासून लांब, ओचिआइ-मिनामी-नागासाकी स्टेशनजवळच्या साध्या वस्तीत. बाहेर खऱ्या रेल्वेचा जुना लाल डबा उभा केलाय, हीच पाटी समजा! रस्त्याने सहज जाणारा माणूस इथे येत नाही. येतो तो ठरवून.

आणि तो का येतो? मला सगळ्यात आवडलं ते सुट्या भागांचं. चाकं, मोटर, डब्याची बॉडी, सगळं वेगळं मिळतं. म्हणजे गाडी एकदा विकली, पण गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येत राहतं. पोपोनदेत्ता नावाची दुकानं तर जुन्या गाड्या विकत घेतात, विकतात, शिवाय दुकानातल्या मोठ्या रुळांवर तुमची गाडी पळवायला वेळेप्रमाणे पैसे घेतात. घरी जागा नाही, हीच त्यांची कमाई.

(कोणी जाणार असाल तर: पॉवर पॅक तिथून उचलू नका. तिथली वीज १०० व्होल्ट, आपली २३०.)

आता लगेच "सर म्हणाले जागेला महत्त्व नाही" असं करू नका. वडापाव, किराणा, मोबाइल रिचार्ज यांना रस्ताच लागतो. समोर दिसलं म्हणून माणूस थांबतो, त्यासाठी कोणी जिना चढणार नाही. आणि टोकियोएवढ्या शहरात वेडे हजारोंनी असतात, तालुक्याच्या गावात तेवढे नसतील. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे मुख्यतः गाड्या चालताना दाखवल्या जातात आणि त्याचं तिकीट असतं. आपल्याकडे मला तो हिशोब जास्त पटतो. पण तुमचा माल लोक शोधत येतात असा असेल, तर रस्त्याचं भाडं भरणं हा माझ्या मते चक्क तोटा आहे.

आमच्या एका बॅचमधल्या ताई शिलाई मशीनचे पार्ट विकतात. रोडटच गाळ्याचा नाद सोडून त्यांनी दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली आणि वाचलेल्या पैशांत जुन्या मशीनचे, कुठे न मिळणारे पार्ट भरले. सुरुवातीचे चार महिने वाईट गेले, हे त्या स्वतःच सांगतात. आता खालचा चहावालाच लोकांना जिना दाखवतो.