मुदत विम्याची असते, आजाराची नव्हे

ऑगस्ट २०२० मध्ये माझ्या एका जुन्या रुग्णाला मी ‘कोरोना कवच’ घ्या, असे सुचवले. किराणा दुकान, घरात पाच माणसे. त्यांनी साडेनऊ महिन्यांची पॉलिसी घेतली. जुलै २०२१ मध्ये त्यांच्या हर्नियाला पीळ पडला, रातोरात शस्त्रक्रिया झाली. “डॉक्टर, विमा आहे ना आपला?” त्यांनी विचारले. विम्याची मुदत केव्हाच संपली होती, आणि संपली नसती तरी तो फक्त कोरोनासाठीच होता. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. पॉलिसी घ्या म्हणालो, पण ती कशासाठी आणि कुठवर, हे मी समजावले नव्हते. ती चूक माझी.

अल्पमुदतीचा विमा वाईट नाही. परदेशी मुलाकडे तीन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी प्रवास विमा जरूर घ्यावा. पण तेवढ्यावर घर निर्धास्त झाले, असे समजू नये.

वार्षिक विम्यातही पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचा खर्च सहसा मिळत नाही. आधीपासूनच्या मधुमेह, रक्तदाबासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. हर्निया, मोतीबिंदू यांनाही बहुधा प्रतीक्षा असते. दरवर्षी वेळेवर नूतनीकरण केले तर ही वर्षे जमा होत जातात. खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि मधल्या काळात जडलेला आजार नव्या पॉलिसीत ‘आधीचा’ ठरतो. म्हणून तब्येत चांगली असतानाच वार्षिक विमा घ्यावा आणि तो चालू ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. “कागदावर शुगर जुनी आहे असे लिहू नका,” अशी गळ मला अनेकजण घालतात. मी ते करत नाही. अर्जात लपवलेला आजार नेमका दवाखान्यात भरती झाल्यावर उघडा पडतो आणि दावा नाकारला जातो. हप्ता थोडा जास्त बसला तरी खरे तेच लिहावे.

सही करण्यापूर्वी एजंटाला चार प्रश्न विचारा: कोणते आजार धरले आहेत? कोणते वगळले? किती थांबावे लागेल? मुदत कधी संपते? उत्तरे पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा. कागद समजला नाही तर आपल्या डॉक्टरांकडे घेऊन जा. माझ्याकडे आणलात तर मी या वेळी पूर्ण वाचीन.