पेटीतली गिटार

गिटार म्हटले की आमच्या भागातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर अजूनही एक आठी उमटते. हे वाद्य सिनेमातल्या नायकाचे, नाही तर चर्चमधल्या गायकवृंदाचे. आपले म्हणजे तंबोरा, हार्मोनियम, फार तर सतार, असा एक पक्का समज. त्यातून ती गिटार हातघडणीची असेल आणि तिची किंमत नव्या मोटारसायकलीहून जास्त असेल, तर मग विचारायलाच नको. अशी एक गिटार माझ्या घरी आहे. निम्मे पैसे साठवून आणि निम्मे पतसंस्थेचे कर्ज काढून चार वर्षांपूर्वी मी ती घेतली. "एवढ्या पैशांत परसातली विहीर बांधून झाली असती," हा घरचा अभिप्राय. तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही.

मुळात एवढी किंमत कशाची? कारखान्यातल्या स्वस्त गिटारीचा दर्शनी तक्ता प्लायवूडचा असतो. चांगल्या गिटारीला स्प्रूस किंवा सीडरचा खरा, भरीव तक्ता लागतो. त्याची जाडी जेमतेम २.५ ते ३ मिलिमीटर. सहा पोलादी तारा चढवल्या की त्यांचा एकत्रित ताण ७० किलोच्या घरात जातो. हा ताण पेलण्याइतका तक्ता मजबूत हवा आणि बोटाच्या स्पर्शाने थरथरण्याइतका हलकाही हवा. जाड ठेवला तर वाद्य मुके, फार पातळ केला तर काही वर्षांत त्याचे पोट सुटते. म्हणून कारागीर आतल्या बाजूच्या पट्ट्या पटाशीने तासतो, तक्त्यावर टिचकी मारून ऐकतो, पुन्हा थोडे तासतो. यंत्र सगळे तक्ते एकाच मापाने कापते, पण लाकडाचे दोन तुकडे कधी सारखे नसतात. पैसे मोजायचे ते या टिचकीचे, आणि ते मोजताना मला वाईट वाटले नाही.

पाठीच्या लाकडासाठी जे पैसे मोजले जातात त्याविषयी मात्र माझे मत थोडे तिखट आहे. हौशी लोक ब्राझीलच्या शिसवाचे नाव काढले की हात जोडतात. हा शिसव मिळेनासा झाला तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन या १८३३ पासूनच्या कंपनीने १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसव घेतला. १९९२ पासून तर ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ बंदीच आहे. भारतीय शिसव म्हणजे आपला सह्याद्रीतला शिसव. या अंकाच्या कानडी विभागाचे वाचक ज्याला 'बीटे' म्हणतात तोच. आपल्याकडे ज्याचे पाळणे आणि कपाटे होत, ते लाकूड फळ्या होऊन परदेशी जाते आणि गिटार होऊन लाखांच्या भावाने परत येते.

बरे, या पाठीने आवाजात फरक पडतो किती? २०१८ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या, बाकी सर्व सारखे, फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या. ५२ वादकांना वेल्डरचे काळे चष्मे लावून त्या वाजवायला दिल्या. महागड्या लाकडाच्या गिटारीला स्वस्त लाकडाच्या गिटारीहून म्हणण्यासारखे जास्त गुण पडले नाहीत. स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेसला हे आधीच कळले होते. तक्ता चांगला असला की पुरे, हे दाखवण्यासाठी त्याने १८६२ मध्ये चक्क कागदाच्या लगद्याची पाठ आणि बाजू असलेली गिटार केली. आपल्याकडचा एखादा सुतार असे करता तर त्याला वेड्यात काढले असते. असो.

म्हणजे शिसवाचा रुबाब हा बराचसा डोळ्यांचा. एरवी वर्गात लहरी आणि कंपने शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे ठाऊक हवे होते. तरीही पहिली दोन वर्षे मी ती गिटार वाजवण्यापेक्षा पुसलीच जास्त. जुलैत बेळगावची हवा ओली झाली की तक्ता फुगतो, तारा वर उचलल्या जातात, आवाज घोगरा होतो; मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तडा जाण्याची भीती. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी म्हणतात, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. घरात कुणाला ताप आला तरी इतक्यांदा पारा पाहिला गेला नसेल!

स्नेहसंमेलनाच्या तालमीला मी ती एकदाच आणली. खानापूरकडचा एक विद्यार्थी जवळ आला. त्याची स्वतःची गिटार अशी की तारा दाबताना बोटे सोलून निघावीत, आणि तरी पोरगा सुरेख वाजवतो. "सर, जरा हातात घेऊ का?" त्याने विचारले. मी म्हणालो, "अरे, तारा जुन्या झाल्यात, पुढे बघू." तारा आदल्याच दिवशी बदललेल्या होत्या, आणि त्यांची चकाकी त्यालाही दिसत होती. तो "बरं सर" म्हणून आपल्या जागी जाऊन बसला. ज्याच्या गावाभोवतीच्या रानात शिसव उभा आहे, त्याला मी शिसवाला हात लावू दिला नाही.

आमच्या शेजारी मिरज आहे. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचा तंबोरा ज्या घरात असतो तिथे तो गवसणीत झोपून राहत नाही. रोज लावला जातो, पाहुणा गवई आला की त्याच्या साथीला दिला जातो, मागे विद्यार्थी छेडत बसतात. तारांनी घोडी झिजते, मग कारागीर पुन्हा जवारी काढतो. ही झीज त्या घरात कुणी नुकसान म्हणून लिहून ठेवत नाही. वाजवत राहिल्याने गिटारीचा आवाज खुलतो असे वादक सांगतात. शास्त्रज्ञांचे त्यावर एकमत नाही. न वाजवल्याने माझी बोटे मात्र जड झाली, हे मी पाहिले आहे.

कुणी म्हणेल, पोरांच्या हातात दिल्यावर ओरखडा पडला तर? पडेल. पट्ट्याच्या बकलाचा पडतो, शर्टाच्या गुंडीचा पडतो, माझ्या स्वतःच्या नखाचा एक पडलेलाच आहे. कारागिराने तक्ता ताण सोसण्यासाठी केला आहे, नवा दिसण्यासाठी नव्हे.

तेव्हा दर बुधवारी पाचनंतर गिटार भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असेल. हात धुऊन यावे, पट्टा काढून ठेवावा. मराठी विभाग, कानडी विभाग, कुणीही यावे. खानापूरच्या त्या विद्यार्थ्याला मी स्वतः निरोप दिला आहे. तो अजून आलेला नाही.