लोणारचे नवल कायम आहे

संपादक महोदय,

विज्ञानाने लोणारचे नवल घालवले, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर मुळीच पटला नाही. लोणारशी जोडलेली लवणासुराची कथा जरूर सांगावी. पण ती ऐकल्यावर विचारायला काही उरत नाही. विज्ञानाचे तसे नाही. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर बराच काळ ज्वालामुखीचे मानले जात होते. मग तिथल्या बेसाल्टमध्ये मास्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार खनिजाची ही काच प्रचंड आघाताच्या दाबाखाली बनते. लाव्हा तसा दाब निर्माण करू शकत नाही. कणभर काचेने आकाशातून आलेल्या अशनीची साक्ष द्यावी, याहून मोठे नवल कोणते?

जून २०२० मध्ये विवरातील सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ते लेखात म्हटल्याप्रमाणे असुराच्या रक्ताने नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता.

‘शास्त्रज्ञांतच एकमत नाही’ हा लेखातील आक्षेपही लंगडा आहे. विवराचे वय आधी पन्नासेक हजार वर्षे धरले जाई. आर्गॉन पद्धतीने ते साडेपाच लाखांपुढे गेले. मतभेद मोजमापांवरून आहेत आणि ते तसेच असायला हवेत.

पुढच्या अंकात गुलाबी पाण्याबाबतची दुरुस्ती तरी छापावी.

आपला,
एक वाचक, मेहकर